तळहाताएवढा पतंग

ठाणे शहरात टेंभी नाका आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी तो पाहिला असेल. कोर्टाचं काम निघालं किंवा कलेक्टर कचेरीत जायचं झालं, की माणूस ठाणे स्टेशनात उतरतो आणि याच बाजूला येतो. १९७८ साली आनंद दिघे यांनी टेंभी नाक्यावर नवरात्राचा उत्सव सुरू केला. तेव्हापासून नवरात्रात इथे माणसांचा पूर लोटतो.

या नाक्यावर उभं राहून जरा वर बघा. भोवती इमारती. इकडून तिकडे गेलेल्या तारा. खाली मोटारी, रिक्षा आणि दुचाक्या. अशा जागी कुणाला पतंग उडवावासा वाटला तर त्याने काय करावं? पतंग मोठा असला की दोरा लांब सोडावा लागतो. लांब दोरा तारेत अडकतो, नाहीतर रस्त्याने जाणाऱ्याच्या अंगावर येतो.

मग पतंग उडवायचाच नाही का? उडवायचा. पण तो लहान करायचा. तळहाताएवढा.

असा पतंग रंगीत कागदाच्या तुकड्यातून होतो. त्याला पैसा जवळजवळ लागत नाही. रोज अर्धा तास बसलं की एक पतंग तयार होतो. तो कसा करावा, आणि रोज का करावा, ते या धड्यात आम्ही सांगणार आहोत.

तुम्ही म्हणाल, "आमचं रान मोकळं आहे. आम्हांला लहान पतंग कशाला?" थोडं पुढे वाचा. मग तुम्हीच ठरवा.

पतंग आपल्या ओळखीचा

पतंग पहिल्यांदा चीन देशात झाला असं मानतात. त्याला दोन हजारांहून अधिक वर्षं झाली. तिथून तो देशोदेशी पसरला. आपल्याकडेही तो फार जुना आहे.

आपले संत नामदेव सुमारे सातशे वर्षांपूर्वी होऊन गेले. त्यांची काही पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत. त्यांतल्या एका पदात पतंग आला आहे. मुलगा कागदाचा पतंग करतो आणि आभाळात सोडतो. सोबत्यांशी बोलणं चालूच असतं, पण त्याचं सारं लक्ष दोरीवर असतं. तसं आपलं मन देवाकडे असावं, असं नामदेव सांगतात. म्हणजे नामदेवांच्या वेळी पतंग लोकांच्या रोजच्या पाहण्यातला होता. नाहीतर त्यांनी त्याचा दाखला दिला नसता.

संक्रांत आणि पतंग यांची तर जोडीच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याला भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सारं गाव गच्चीवर असतं. दोरा गुंडाळायच्या फिरकीला तिकडे आसारी म्हणतात.

खेळात शिरलेला घात

पतंगाची काटाकाटी पाहायला मजा येते. पण तिच्यासाठी मांजा लागतो. दोऱ्याला काचेची पूड लावून मांजा करतात. अलीकडे नायलॉनचा मांजा आला. तो तुटत नाही आणि मातीत कुजतही नाही. झाडावर अडकला की महिनोन्‌महिने तसाच लोंबत राहतो.

दुचाकीवरून जाणाऱ्या माणसाला हा दोरा दिसत नाही. गळ्यात आला की गळा चिरतो. अशाने माणसं मेली आहेत. घारी, घुबडं, बगळे यांचे पंख त्यात कापले जातात. या मांजावर धातूची पूड असली तर त्यातून वीज वाहते. ठाण्यावरून जाणाऱ्या रेल्वेच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. तिथे अडकलेला पतंग ओढणं म्हणजे मरणाला हात लावणं.

म्हणून ११ जुलै २०१७ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने असा मांजा साऱ्या देशात बंद केला. तो करायचा नाही, विकायचा नाही, साठवायचा नाही आणि वापरायचाही नाही. कायदा झाला. तरी दर संक्रांतीला वाईट बातमी येतेच. कायदा एकट्याने पुरा पडत नाही. घरातल्या मोठ्या माणसांनी मुलांना दुसरा चांगला खेळ दाखवावा लागतो.

लहान पतंग हा तसा खेळ आहे. त्याला शिवणाचा दोरा पुरतो. तो बोटाने तुटतो. कुणाचा गळा कापत नाही. मूल गच्चीच्या कडेला धावत नाही, अंगणातच उडवतं. रान मोकळं असलं तरी रानावरून विजेच्या तारा गेलेल्या असतात, आणि झाडावर पाखरंही असतात. म्हणून हा पतंग शहराला जेवढा हवा, तेवढाच खेड्यालाही हवा.

लहान म्हणजे सोपा नव्हे

मोठा पतंग लहान केला की झालं, असं वाटतं. पण तसं नाही. लहान पतंग उडवणं सोपं, करणं अवघड. का ते शेतावरून पाहू.

एक चौकोनी शेत आहे. त्याची प्रत्येक बाजू ४० पावलं. चारी बाजूंचा बांध झाला १६० पावलं. आता दुसरं शेत घ्या. त्याची बाजू निम्मी, म्हणजे २० पावलं. त्याचा बांध झाला ८० पावलं. म्हणजे बांधही निम्मा झाला. पण शेत किती राहिलं? निम्मं नाही, पाव राहिलं. पहिल्या शेतात अशी चार शेतं बसतात. म्हणजे लहान शेताला बांधाचा भार जास्त.

पतंगाचंही तसंच आहे. कागद म्हणजे शेत आणि काडी म्हणजे बांध. वारा कागदाला उचलतो, काडीला नाही. पतंगाची बाजू निम्मी केली की वारा धरणारा कागद पाव होतो, पण काडी निम्मीच कमी होते. म्हणून लहान पतंगाला काडी जड होते. नुसती लांबी कमी करून भागत नाही. काडी बारीकही करावी लागते. जेवढा पतंग लहान, तेवढी काडी बारीक. हे एक सूत्र ध्यानात धरलं की अर्धं काम झालं.

काय काय लागतं

पहिला कागद. पतंगाचा पातळ कागद सगळ्यांत चांगला. त्याच्या मोठ्या पानाला ताव म्हणतात. एका तावातून असे पुष्कळ लहान पतंग निघतात. पण ताव विकत आणलाच पाहिजे असं नाही. गणपतीचं मखर, नवरात्राची आरास, लग्नाचा मांडव यांना रंगीत कागद लागतो. सण झाला की त्याचे तुकडे केरात जातात. ते जपून ठेवा. कागद एका काळी फार मोलाचा होता. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या हाताने कागद करत आले. त्या गावाचं नावच कागदावरून पडलं.

तुकडा निवडताना तो उजेडात धरा. पलीकडचं बोट अंधुक दिसलं तर कागद पातळ आहे. शाळेतला घोटीव कागद आणि चमकीचा कागद दिसायला सुरेख, पण जड. त्यांचे पतंग उडवायला नकोत. तोरणाला चालतात.

दुसरी काडी. टोपल्या, सुपं विणणाऱ्याकडे बांबूची वाया गेलेली कामटी मिळते. ती उभी चिरून घ्या. मग धारदार सुरीने तासा. सुरी नेहमी बोटापासून लांब ओढावी. काडी काडेपेटीच्या काडीच्या निम्म्याहून बारीक झाली पाहिजे. बांबूची हिरवी पाठ ठेवा, आतला पांढरा गर तासून काढा. पाठीला ताकद असते, गराला नसते.

तिसरी खळ. चमचाभर मैदा किंवा कणीक पाण्यात कालवून शिजवा. गुठळी राहू देऊ नका. भाताचं मऊ शीतही चालतं. खळ फार थोडी लावायची. ओला कागद फाटतो आणि वाळलेली खळ वजन वाढवते.

चौथा दोरा. शिवणाचा बारीक सुती दोरा घ्या. पतंग फार लहान असला तर दोऱ्याची पीळ उलगडा आणि त्याचा एकच पदर वापरा.

याशिवाय कात्री, सुई, पट्टी आणि पेन्सिल. बस.

पतंग करायची रीत

१० सेंटिमीटर बाजूचा चौकोनी कागद कापा. चौकोन बरोबर आहे का, ते पाहायला त्याची कोपऱ्यावर कोपरा ठेवून हलकी घडी घाला. कडा जुळल्या तर चौकोन खरा. नाही जुळल्या तर जास्तीचा कागद कापून टाका.

आता कागद असा ठेवा, की एक कोपरा वर आणि एक कोपरा खाली येईल. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत अंतर सुमारे १४ सेंटिमीटर भरतं. तेवढी एक सरळ काडी घ्या. तिला खळीचं बोट लावा आणि उभी चिकटवा. हा पतंगाचा कणा.

दुसरी काडी साडेसोळा सेंटिमीटरची घ्या. ही कमान. ती कण्यापेक्षा बारीक हवी, म्हणजे वाकेल. कमान लावण्याआधी तिची परीक्षा करा. बरोबर मध्यावर बोट ठेवून ती तोला. एक बाजू खाली गेली तर ती बाजू जड आहे. तिथे सुरीने थोडं तासा आणि पुन्हा तोला. काटा सरळ राहीपर्यंत हे करा. वाण्याच्या तराजूला जसा न्याय लागतो, तसा कमानीलाही लागतो.

मग कमानीची दोन टोकं कागदाच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्यावर आणा. कमान आपोआप वर वाकते. तिचा माथा कण्याला वरच्या टोकापासून साडेतीन सेंटिमीटरवर भेटतो. टोकांवर कागदाच्या लहान चिठ्ठ्या चिकटवून ती पक्की करा. कणा आणि कमान जिथे भेटतात, तिथे दोऱ्याची एक गाठ मारा. पतंग सावलीत वाळू द्या. उन्हात कागद आखडतो.

आता कण्णी. कण्णी म्हणजे पतंगाला बांधायचा दुपदरी दोरा. काही ठिकाणी तिला मंगळसूत्रही म्हणतात. कणा-कमान जिथे भेटतात, तिथे सुईने दोरा ओवून एक टोक बांधा. खालच्या कोपऱ्यापासून चार सेंटिमीटर वर दुसरं टोक बांधा. दोरा कागदाच्या पुढच्या बाजूला यावा, काड्या मागे राहाव्यात. दोन्ही पदर हातात धरून गाठ मारा. वरचा पदर खालच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर आखूड ठेवा. त्याने पतंग वाऱ्याला नीट तोंड देतो.

शेवटी शेपूट. एक सेंटिमीटर रुंदीची पातळ कागदाची पट्टी खालच्या कोपऱ्याला लावा. ती पतंगाच्या चार-पाचपट लांब असावी.

नक्षी काढायची असेल तर आम्ही एक युक्ती सांगतो. कागदावर कागद चिकटवू नका, वजन वाढतं. मूळ कागद मधोमध दुमडा आणि हवा तो आकार कापून काढा. त्या भोकावर दुसऱ्या रंगाचा तुकडा मागून चिकटवा. तुकडा कडेला अगदी थोडाच मोठा असावा. दुमडून कापल्यामुळे डावीकडे जेवढं, तेवढंच उजवीकडे होतं. चांद, चांदणी, पट्टे, पान, काहीही करा. पण दोन्ही बाजू सारख्या हव्यात. सारखी नक्षी डोळ्यालाही बरी आणि वाऱ्यालाही बरी.

असा पतंग एक ग्रॅमपेक्षाही हलका होतो. तळहातावर ठेवला तर कळतसुद्धा नाही.

उडवताना

मोठा वारा नको. झाडाची पानं हलतील एवढा मंद वारा पुरे. दोन-तीन हात दोरा सोडा. वारा नसेल तर दोऱ्याचं टोक एका काठीला बांधा आणि काठी पुढे धरून सावकाश चाला. पतंग मागे मागे तरंगत येतो. असा तो घरातसुद्धा उडतो. पावसाळ्यात ओसरीवरच्या मुलांना हा खेळ फार आवडतो. टेंभी नाक्यासारख्या दाटीच्या जागी राहणाऱ्यालाही अडचण नाही. तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर मासुंदा तलाव आहे. त्याला तलावपाळी म्हणतात. पाण्यावरून वारा मोकळा येतो.

पतंग नीट उडाला नाही तर त्याला दोष देऊ नका. तो आपलं काय चुकलं तेच सांगत असतो. त्याची भाषा अशी.

गरगर फिरतो? शेपूट आखूड झालं. ते वाढवा.

वर चढतच नाही? काडी जड झाली किंवा खळ जास्त लागली. काडी तासून नवा करा.

एकाच बाजूला झुकतो? ती बाजू जड आहे. दुसऱ्या बाजूच्या टोकाला कागदाची बारीक गुंडाळी चिकटवा.

हातात येतो आणि पडतो, ओढ धरत नाही? कण्णीच्या पदरांचं माप चुकलं असेल. गाठ थोडी वर-खाली सरकवून पाहा.

रोज एक पतंग

आता मुद्द्याचं सांगतो. हा पतंग वर्षातून एकदा संक्रांतीला करायचा नाही. रोज करायचा.

पहिला पतंग बहुधा पडेल. दुसराही पडेल. चौथा-पाचवा थोडा उडेल. काडी किती तासायची हे पुस्तक वाचून कळत नाही, बोटांना कळावं लागतं. आणि बोटं रोजच्या सरावाने शिकतात. भाकरी पहिल्या दिवशी गोल होते का? नांगराचं तास पहिल्या दिवशी सरळ पडतं का? तसंच हे. एका दिवसात पाच तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बसलेलं बरं.

अक्षराचंही तसंच आहे. तुम्ही कष्टाने लिहा-वाचायला शिकलात. पण शिकलेलं अक्षर वापरलं नाही तर ते हातातून जातं. नांगर वापरात नसला की गंजतो ना, तसं. पुष्कळांचं असं झालं आहे. वर्ग संपला, पाटी कोनाड्यात गेली, आणि दोन वर्षांनी सही करतानाही हात अडखळू लागला. म्हणून रोज काहीतरी लिहायला निमित्त पाहिजे. पतंग हे निमित्त देतो.

एक वही करा. तिच्यात रोज तीन-चार ओळी लिहा. वार, कागद, माप, आणि पतंग कसा उडाला. नमुना म्हणून हे वाचा.

"सोमवार. हिरवा पतंगी कागद. बाजू १० सेंटिमीटर. डावीकडे झुकला. उजव्या टोकाला गुंडाळी लावली. मग सरळ राहिला."

"मंगळवार. लाल कागद. कमान जास्त बारीक तासली. वाकवताना मोडली. उद्या थोडी जाड ठेवायची."

बघा, यात लिहिणं आलं, आकडे आले, मापं आली, आणि कालच्या चुकीवरून आजचं शहाणपणही आलं. महिन्याने वही चाळा. पतंगही सुधारलेला दिसेल आणि अक्षरही. मग बाजू ८ सेंटिमीटर करून पाहा. मग ६. प्रत्येक वेळी काडी आणखी बारीक लागेल आणि हात आणखी हलका.

केलेल्या पतंगांचं काय करावं? ते वाया जात नाहीत. दोऱ्यात ओवले की दाराला तोरण होतं. लहान बाळाच्या बोरन्हाणाला भिंतीवर लावता येतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीळगुळाबरोबर एकेक पतंग देता येतो. आपल्या हाताने केलेल्या वस्तूचा मान वेगळाच असतो. आणि मुलं शेजारी बसून पाहतात, ती मांजाच्या वाटेला जात नाहीत. ही मिळकत पैशात मोजता येणार नाही.

लहान दोऱ्याची मोठी गोष्ट

लहान कामाला कमी लेखू नये. एक खरी गोष्ट सांगतो. अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांच्या मधे नायगारा नदी आहे. तिची दरी खोल आणि पाणी भयंकर ओढीचं. १८४८ साली तिथे झुलता पूल बांधायचा होता. पण पहिला दोर पलीकडे न्यायचा कसा? होडी चालेना. तेव्हा होमन वॉल्श नावाच्या मुलाने पतंग उडवला. पतंगाचा दोरा दरीवरून पलीकडे गेला. त्या बारीक दोऱ्याला थोडा जाड दोरा बांधून ओढला. त्याला आणखी जाड. मग दोरखंड. मग लोखंडी तार. असं करता करता पूल उभा राहिला आणि त्याच वर्षी माणसं त्यावरून जाऊ लागली.

आधी बारीक दोरा, मग जाड. आधी एक अक्षर, मग ओळ, मग पान. आधी पडणारा पतंग, मग उडणारा. कोणतंही काम याच रीतीने पलीकडे पोचतं.

आज जेवणं उरकल्यावर घरात बघा. रंगीत कागदाचा एखादा तुकडा सापडेलच. त्याचा चौकोन कापा. वहीच्या पहिल्या पानावर आजचा वार लिहा. बाकीचं तुमची बोटं शिकतील.